व्हिक्टर बर्गर अभिवाचन : कामाच्या नोंदी

१ जून २०२५

आज काम पक्कं झालं. १० ऑगस्टला, रविवारी, आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तासाभराचं अभिवाचन करायचं. वाचणार तिघं: मी, माझी मावसबहीण आणि आमच्या गटातले सर. सरांनी हयातभर शाळेत इतिहास शिकवला. विषय मी सुचवला: व्हिक्टर बर्गर, अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, निवडून गेलेला पहिला समाजवादी, आणि तोही परदेशात जन्मलेला.

सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, हाच का? अमेरिकन समाजवाद्यांचा नेता यूजीन डेब्स, त्याच्यावर लोक बोलतात, त्याची भाषणं वाचतात. मी म्हटलं, डेब्स पाच वेळा राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. १९२० मध्ये तर तुरुंगातून लढला आणि तरीही ९ लाखांहून जास्त मतं घेतली. पण बर्गर निवडून आला. आणि निवडून आल्यावर सभागृहानं त्याला दारातूनच परत पाठवलं. मतदारांनी त्यालाच पुन्हा निवडलं, सभागृहानं पुन्हा परत पाठवलं. प्रतिनिधी कोण हे ठरवायचं कुणी, मतदारानं की आधीच आत बसलेल्यांनी? तासभर हेच धरून बसायचं आहे.

५ जून

चरित्राचा भाग दोन पानांत आटोपला. याहून जास्त नको, नाहीतर श्रोते सनावळीतच अडकतील.

जन्म २८ फेब्रुवारी १८६०, ऑस्ट्रियन साम्राज्यात, जर्मन बोलणाऱ्या ज्यू घरात. १८७८ मध्ये कुटुंब अमेरिकेत आलं. १८८१ पासून विस्कॉन्सिन राज्यातलं मिलवॉकी. तिथे सरकारी शाळांत जर्मन शिकवायचा. १८९३ मध्ये मास्तरकी सोडून ‘फोरवेर्ट्स’ हे जर्मन वृत्तपत्र हाती घेतलं. १८९५ मध्ये डेब्स रेल्वे संपावरून वुडस्टॉकच्या तुरुंगात होता, तेव्हा बर्गर त्याला भेटायला गेला आणि मार्क्सचं ‘भांडवल’ देऊन आला. १९०१ मध्ये अमेरिकेचा समाजवादी पक्ष उभा राहिला, त्यात दोघेही होते. १८९७ मध्ये मेटा श्लिक्टिंगशी लग्न झालं. ती एकेकाळची त्याचीच विद्यार्थिनी. पुढे ती मिलवॉकीच्या शाळा मंडळावर निवडून आली आणि अध्यक्षही झाली.

नवराबायकोची पत्रं छापलेली आहेत. मावसबहीण ती वाचतेय. तिचं म्हणणं, मेटाचा आवाज निवेदनात हवा. मला पटलं. पण पत्रातली वाक्यं उचलून तिच्या तोंडी घालायची नाहीत. मेटाबद्दल जे सांगायचं ते निवेदकानं सांगावं.

११ जून

सगळा दिवस एका शब्दात गेला.

मिलवॉकीच्या समाजवाद्यांना पुढे ‘सूअर सोशालिस्ट’ म्हणू लागले. इंग्रजीत ‘सूअर’ म्हणजे गटार. मराठीत तसंच लिहिलं तर वाचणारा भलत्याच प्राण्यापाशी पोचतो. ‘मलनिस्सारण समाजवाद’ म्हटलं तर महापालिकेच्या टेंडरचा वास येतो. शेवटी ‘गटारवाले समाजवादी’ ठेवलं. आपल्याकडे गोरेगावच्या मृणालताईंना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणायचे, आणि त्या ‘वाली’त किती प्रेम होतं ते आपल्याला ठाऊक आहे. ‘गटारवाले’ म्हणताना तोच सूर लागावा.

मिलवॉकीत काम खरंच तसं होतं. १९१० च्या वसंतात एमिल साइडेल महापौर झाला, मोठ्या अमेरिकन शहराचा पहिला समाजवादी महापौर. त्याच निवडणुकीत बर्गर नगरसेवक झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात काँग्रेसवर निवडून गेला. साइडेलनंतर १९१६ ते १९४० अशी सलग २४ वर्षं डॅनियल होअन महापौर होता. गटारं, पाणी, बागा, सार्वजनिक आरोग्य आणि पैशाचा चोख हिशेब. आपल्याकडे वॉर्डातली बाई नगरसेवकाला ज्या गोष्टींसाठी गाठते, नेमक्या त्याच.

संध्याकाळी सरांनी माझी चूक दाखवली. मसुद्यात १९११ सालचा बर्गर अभिमानानं म्हणतो, “आम्ही गटारवाले समाजवादी.” हा शब्द १९३२ चा. मिलवॉकीत पक्षाचं अधिवेशन भरलं होतं, तिथे न्यूयॉर्कचा मॉरिस हिलक्विट तो टोमणा म्हणून बोलला. तोपर्यंत बर्गरला जाऊन तीन वर्षं झाली होती. वाक्य काढलं. शब्द निवेदकाकडे दिला, सालासकट.

१८ जून

आज चार डॉलर सापडले. तासाभराचं वाचन त्यांच्यावर उभं राहील असं वाटतं.

पहिले चार डॉलर बर्गरच्या विधेयकातले. १९११ च्या उन्हाळ्यात त्यानं वृद्धापकाळाच्या पेन्शनचं विधेयक मांडलं, काँग्रेसमधलं अशा तऱ्हेचं पहिलं. साठी ओलांडलेल्या गरीब कामगाराला आठवड्याला जास्तीत जास्त चार डॉलर. कोर्ट कायदा रद्द करील ही भीती त्याला होतीच, म्हणून सर्वोच्च न्यायालयाला हा कायदा तपासता येणार नाही असं कलमही विधेयकातच घातलं. विधेयक पुढे सरकलं नाही. सभागृहात हा पक्षाचा एकटा माणूस, मागे दुसरा हात नाही. त्याआधी एप्रिलात सिनेटच, म्हणजे संसदेचं वरचं सभागृहच, बरखास्त करा असा ठराव त्यानं आणला होता. तो वाचनात एका ओळीत येतो, तेवढा पुरे.

दुसरे चार डॉलर लॉरेन्सचे. मॅसॅच्युसेट्समधलं हे गिरण्यांचं गाव. १ जानेवारी १९१२ पासून बायका आणि मुलांच्या कामाचा आठवडा कायद्यानं ५६ तासांवरून ५४ वर आला. मालकांनी त्या दोन तासांचे पैसे पगारातून कापले. पगाराची पाकिटं उघडली आणि साचे थांबले. संप लांबला तसं कामगारांनी आपली मुलं दुसऱ्या शहरांत सहानुभूतीदारांकडे पाठवायला सुरुवात केली. २४ फेब्रुवारीला स्टेशनवर पोलिसांनी आया आणि मुलांवर लाठ्या चालवल्या. बर्गरनं चौकशीची मागणी लावून धरली होती, आणि मार्चच्या सुरुवातीला प्रतिनिधिगृहाच्या नियम समितीपुढे सुनावणी लागली. लॉरेन्सची मुलं वॉशिंग्टनला आली. ऐकायला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी श्रीमती टाफ्टही येऊन बसल्या होत्या.

कॅमेला टिओली, वय १४. तिनं सांगितलं: मी शाळेत जात होते. एक माणूस घरी आला, वडिलांना म्हणाला, पोरीला कामावर का पाठवत नाही? चार डॉलर द्या, मुलगी चौदाची आहे असे कागद मी जन्मगावाहून मागवतो. वडिलांनी दिले. गिरणीत लागून थोडेच दिवस झाले होते, यंत्रात केस अडकले आणि डोक्याची कातडी केसांसकट निघून आली. सात महिने इस्पितळात. कंपनीनं इस्पितळाचं बिल भरलं, तेवढंच. समितीनं विचारलं, संपावर का गेलीस? ती म्हणाली, घरी पोटभर खायला मिळत नव्हतं.

माझी आजी परळच्या गिरणीत होती. शाळेत जाताना आमच्या वेण्या ती इतक्या घट्ट घालायची की डोळ्यांत पाणी यायचं. सैल सोडा म्हटलं की एकच वाक्य, “पट्ट्यात गेले की कळेल.” यंत्राचा पट्टा म्हणजे काय हे आम्हाला माहीत नव्हतं. आज कॅमेलाची साक्ष टाईप करताना माझा हात आपोआप मानेमागे गेला.

वाचनात दोन्ही चार डॉलर शेजारी शेजारी ठेवणार. एका मुलीचं बालपण चार डॉलरना गेलं, आणि म्हाताऱ्या मजुराचा आठवडा चार डॉलरमध्ये निभावेल का, यावर देशाचं सभागृह बोलायलासुद्धा तयार नव्हतं. मध्ये भाष्य नको. मावसबहिणीनं साक्ष वाचायची, लगेच सरांनी विधेयकाचं कलम.

२२ जून, रविवार

घरी पहिलं वाचन झालं. एक तास वीस मिनिटं लागली, वीस मिनिटं कापायची आहेत.

आडनावाची अडचण खरी निघाली. ‘बर्गर’ म्हटलं की समोर बसलेली मुलं एकमेकांकडे बघतात, आणि पुढची तीन वाक्यं हातची जातात. आता सुरुवातीला पूर्ण नाव सावकाश घ्यायचं, व्हिक्टर लुइटपोल्ड बर्गर, आणि मग पहिली दहा मिनिटं नुसतं ‘व्हिक्टर’. माणूस ओळखीचा झाला की आडनाव आपोआप त्याचं होतं.

२९ जून

आज वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

बर्गरनं १९०२ मध्ये स्वतःच्या वृत्तपत्रात कृष्णवर्णीयांवर लेख लिहिला. ते खालच्या दर्जाचे लोक आहेत यात शंका नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. पुढे १९०८ आणि १९१० मध्ये पक्षात आशियाई मजुरांना अमेरिकेत येऊ द्यावं की नाही यावर रण माजलं, तेव्हा तो बंदी घालणाऱ्यांच्या बाजूनं होता. अठराव्या वर्षी बोटीतून उतरलेला माणूस दुसऱ्या बोटीतल्यांना परत पाठवा म्हणत होता.

आशियाई म्हणजे चिनी आणि जपानी तर होतेच, आपलेही होते. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात जमावानं पंजाबी मजुरांना लाकडाच्या वखारींतून आणि राहत्या खोल्यांतून हुसकावून लावलं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याच काळात पश्चिम किनाऱ्यावर शिकत होते, पुढे गदर चळवळीत उतरले. बर्गरच्या मताप्रमाणे खानखोज्यांना त्या देशात पाऊल ठेवता आलं नसतं.

सर म्हणाले, तासाभरात हे घुसवलं तर मूळ मुद्दा फुटतो, शेवटी एक वाक्य घालू. मावसबहीण उसळली. म्हणाली, शेवटी घातलं तर ते तळटीप होतं, आणि लोक उठून चप्पल शोधायला लागलेले असतात. मी तिच्या बाजूची. हा लेख १९१० च्या विजयाच्या आधी येईल, सलग चार मिनिटं, सौम्य न करता. तो काळच तसा होता, ही पळवाट आम्ही घेणार नाही, कारण त्याच काळात त्याच पक्षात डेब्स होता. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या संघटना त्याला नको होत्या, आणि १९१० च्या बंदीच्या अहवालाला त्यानं प्रतिगामी म्हटलं होतं.

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तो भाग मी वाचतो. तुम्हा मुलींच्या आवाजात ती फिर्याद वाटेल. माझ्या आवाजात कबुली वाटेल.” पानं त्यांच्याकडे दिली.

६ जुलै

युद्धाचा भाग भराभर लिहिला. ६ एप्रिल १९१७ ला अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. दुसऱ्याच दिवशी सेंट लुइसला समाजवादी पक्षाचं तातडीचं अधिवेशन सुरू झालं आणि पक्षानं युद्धाला विरोध जाहीर केला. जूनमध्ये हेरगिरीविरोधी कायदा आला. नावात हेरगिरी असली तरी लेखणी आणि भाषणंही त्यात सापडली. बर्गरनं १९११ च्या अखेरीस ‘मिलवॉकी लीडर’ हे इंग्रजी दैनिक सुरू केलं होतं. ऑक्टोबर १९१७ मध्ये पोस्टखात्यानं त्याचा स्वस्त टपालदर काढून घेतला. बाहेरगावच्या वर्गणीदारांवर चालणारं पत्र त्यानं अर्धमेलं झालं. पुढे पत्राच्या नावे येणारी टपालंही अडवून पाठवणाऱ्याला परत केली जाऊ लागली.

वाचनात मला इथे नुसती शांतता हवी आहे. टेबलावर रिकामी टपालाची पिशवी. आणखी काही सामान नको.

१३ जुलै

न्यायाधीशाचा प्रसंग.

मार्च १९१८ मध्ये त्याच हेरगिरीविरोधी कायद्याखालचं बर्गरवरचं आरोपपत्र जाहीर झालं, सिनेटच्या पोटनिवडणुकीचा प्रचार चालू असतानाच. तो हरला, तरी राज्यात १ लाख १० हजारांवर मतं पडली, चारातलं एक मत त्याचं. नोव्हेंबरात मिलवॉकीच्या पाचव्या मतदारसंघातून काँग्रेसवर निवडून आला: बर्गर १७,९२०, डेमोक्रॅट १२,४५०, रिपब्लिकन १०,६७८. आणि डिसेंबरात शिकागोत खटला उभा राहिला, बर्गर आणि पक्षाचे आणखी चौघे. त्याच्याविरुद्धचा मुख्य पुरावा काय, तर ‘लीडर’मधले अग्रलेख.

न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस. जर्मन वंशाच्या अमेरिकनांची मनं देशद्रोहानं बरबटली आहेत, अशा अर्थाचं हे गृहस्थ बोलले होते, असं आरोपींनी शपथपत्रावर दिलं आणि दुसरा न्यायाधीश मागितला. लँडिसनं नकार दिला आणि खटला स्वतःच चालवला. फेब्रुवारी १९१९ मध्ये पाचही जणांना वीस-वीस वर्षं.

३१ जानेवारी १९२१ ला सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी शिक्षा रद्द केली. असं शपथपत्र आल्यावर लँडिसनं बाजूला व्हायला हवं होतं, एवढंच कारण. अग्रलेख लिहिणं गुन्हा होता की नव्हता, याला कोर्टानं हातही लावला नाही. श्रोत्यांना ‘निर्दोष सुटला’ असं सांगायचा मोह होईल, तो टाळायचा. १९२२ मध्ये सरकारनं खटले मागे घेतले. लँडिस तोवर व्यावसायिक बेसबॉलचा सर्वाधिकारी झाला होता. अमेरिकेत आजही तो त्याच नावानं जास्त ओळखला जातो.

२० जुलै

मतमोजणीचा प्रसंग लिहिला, तीन वेळा.

१० नोव्हेंबर १९१९. युद्ध थांबून वर्षाला एक दिवस कमी. प्रतिनिधिगृहापुढे प्रश्न: बर्गरला शपथ द्यायची का? आधार काढला संविधानाच्या चौदाव्या दुरुस्तीतल्या तिसऱ्या कलमाचा. यादवी युद्धानंतरचं हे कलम. ज्यानं संविधानाची शपथ घेतली आणि नंतर शत्रूला मदत केली, त्याला पदावर बसता येत नाही. खुर्चीसाठी त्यानं १९११ मध्ये जी शपथ घेतली होती, तीच आता त्याच्याविरुद्ध वापरली. तीनशेहून जास्त सभासद विरोधात गेले. बाजूनं एक.

तो एक समाजवादी नव्हता. समाजवादी पक्षाचा दुसरा निवडून आलेला माणूस म्हणजे न्यूयॉर्कचा मेयर लंडन. रशियन साम्राज्यातून आलेला हा ज्यू वकील १९१८ मध्ये हरून बाहेर पडला होता. ही दोघं कधीच एकाच वेळी सभागृहात नव्हती. बर्गरसाठी उभा राहिला तो विस्कॉन्सिनचाच रिपब्लिकन एडवर्ड व्हॉइट, जन्म जर्मनीतल्या ब्रेमेनचा.

पहिल्या मसुद्यात मी तीनशेंचा गदारोळ लिहिला होता. वाचून बघितलं, नाटकी वाटलं. दुसऱ्यात भाषणं घातली, लांबलं. आता असं आहे: निवेदक म्हणतो, “विरोधात?” आम्ही तिघंही हात वर करतो आणि तसेच धरून ठेवतो. “बाजूनं?” सर आपला हात खाली घेतात, उभे राहतात, म्हणतात, “व्हॉइट, विस्कॉन्सिन.” बस्स.

मग लगेच मिलवॉकी. जागा भरायला १९ डिसेंबर १९१९ ला पोटनिवडणूक. या वेळी रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट यांनी मिळून एकच उमेदवार दिला. आपल्याकडे हे गणित नवं नाही, तिरंगी लढतीत निवडून आलेल्याला पाडायचं तर मतविभागणी थांबवायची. हिशेब बरोबर होता. गेल्या वेळी विरोधातली दोघांची मतं मिळून २३,१२८ होती आणि बर्गरची १७,९२०. आता निकाल: बर्गर २४,३५०, बोडेनस्टाब १९,५६६. वर्षभरात वीस वर्षांची शिक्षा लागली, सभागृहानं हाकललं, आणि मतं साडेसहा हजारांच्या आसपास वाढली.

ते साडेसहा हजार कोण असतील, हा विचार डोक्यातून जात नाही. सगळे काही समाजवादी झाले नसतील. कुणी जर्मन असेल, युद्धाच्या दोन वर्षांत घराबाहेर आपली भाषा बोलायला भ्यालेला. कुणी नुसता चिडलेला, की आमच्या वॉर्डाचं मत वॉशिंग्टनमध्ये पुसून कोण टाकतो. नावं हाती नाहीत, म्हणून एक पात्र रचून त्याच्या तोंडी भाषण घालावंसं वाटलं होतं. घातलं नाही. आकडाच दोनदा वाचायचा.

१० जानेवारी १९२० ला सभागृहानं पुन्हा दार लावलं, ३३० विरुद्ध ६. त्यानंतर पोटनिवडणूक लावलीच नाही.

३ ऑगस्ट

रंगीत तालीम. ६१ मिनिटं.

शेवट कुठे करायचा यावर अडलो होतो. १९२२ मध्ये तो परत निवडून आला, डिसेंबर १९२३ मध्ये शपथ घेतली, कुणी अडवलं नाही. १९२४ आणि १९२६ मध्येही जिंकला, १९२८ ला हरला. १६ जुलै १९२९ ला मिलवॉकीत रस्ता ओलांडताना ट्रामनं उडवलं आणि ७ ऑगस्टला तो गेला. मेयर लंडनही तीन वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर टॅक्सीखाली गेला होता. काँग्रेसमध्ये बसलेली पक्षाची दोनच माणसं, दोघंही अशी गेली.

मृत्यूवर संपवलं की लोक हळहळून घरी जातात. आम्ही डिसेंबर १९२३ च्या शपथेवर संपवतोय. मृत्यूची ओळ सुरुवातीलाच आणली. पहिल्याच मिनिटात कळतं की या माणसाचं काय झालं, मग बाकीचा तास तो कसा वागला हे ऐकायला मन मोकळं राहतं.

१० ऑगस्ट, रात्री

झालं. पाऊस असूनही खुर्च्या भरल्या होत्या. काही जण जिन्यात उभे होते. चार डॉलरपाशी पूर्ण शांतता. १९०२ चा लेख सरांनी चष्मा काढून, मान वर करून वाचला, पान न बघता. चार मिनिटं कुणी खोकलं नाही.

सगळं आवरल्यावर एक वयस्क बाई पुढे आल्या. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात तीस वर्षं खिडकीवर बसून तक्रारी घेतल्या, असं म्हणाल्या. विचारलं, “त्याला घेतलं नाही, ठीक. पण मग त्या दोन वर्षांत त्या लोकांनी अर्ज कुणाकडे दिला?”

मी संहिता उघडून दाखवायला गेले, तर ते कुठे लिहिलेलंच नव्हतं. आम्ही सभागृह लिहिलं, न्यायाधीश लिहिला, उमेदवार लिहिला. घरी येऊन पान ३१ वर, सरांच्या ‘व्हॉइट, विस्कॉन्सिन’ आणि पोटनिवडणुकीच्या पुढे, ओळ घातली: “४ मार्च १९१९ ते ४ मार्च १९२१, विस्कॉन्सिनच्या पाचव्या मतदारसंघाची खुर्ची रिकामी होती. त्या दोन वर्षांत प्रतिनिधिगृहात जेवढ्या वेळा मतं घेतली, त्यातल्या एकाही मतात मिलवॉकीच्या या भागाचं मत नाही.”

पुढचं वाचन गणपतीनंतर. ही ओळ मावसबहीण वाचेल. बाईंचा फोन नंबर घेतलाय, त्यांना पहिल्या रांगेत बोलवायचं.